घसारा कोणाच्या खात्यावर?

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हिशेबशास्त्राची जी मूलतत्त्वे शिकवली जातात, त्यांत घसारा हे एक आहे. यंत्र विकत घेतले, ते दहा वर्षे चालवले, की झिजते. ही झीज हाही धंद्याचा खर्चच होय. म्हणून दरवर्षीच्या उत्पन्नातून तेवढी रक्कम बाजूला काढली पाहिजे. ती न काढता जो नफा ताळेबंदात दाखवला जातो तो नफा नसून भांडवल खाल्ल्याची खूण असते, असा हा साधा विचार आहे. सरकारही तो मान्य करते. आयकराच्या नियमांनुसार सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर १५ टक्के, भाड्याने चालणाऱ्या मालमोटारीवर ३० टक्के आणि संगणकावर ४० टक्के दराने घसारा वजा करता येतो. विद्यार्थी हे दर पाठ करतात आणि परीक्षेत उदाहरणे अचूक सोडवतात. पण इतक्या वर्षांच्या अध्यापनात एकाही विद्यार्थ्याने असे विचारल्याचे आठवत नाही की, सर, त्या मालमोटारीचा घसारा ३० टक्के, तर ती चालवणाऱ्याच्या पाठीचा किती?

‘वापरा आणि फेका’ या संस्कृतीविषयी अलीकडे व्याख्यानमालांतून पुष्कळ ऐकावयास मिळते. वक्ते तिचे खापर कधी पाश्चात्त्यांच्या, कधी नव्या पिढीच्या माथी फोडतात. श्रोते माना डोलावतात आणि परतताना प्लॅस्टिकच्या पिशवीतून भाजी घरी नेतात. या विवेचनात तळमळ असेल, कारणमीमांसा मात्र नसते. मनुष्य वस्तू टाकतो ती बहुधा हिशेब करूनच टाकतो. दुरुस्तीहून नवी वस्तू स्वस्त पडत असेल, तर जुनी टाकून देणे त्याच्या परीने शहाणपणाचेच ठरते. माणसे टाकून देणाऱ्या संस्थाही असाच हिशेब करतात. तेव्हा हिशेब करणे हा दोष नव्हे. हिशेबाच्या वहीत काय लिहिले जाते, काय वगळले जाते आणि वगळलेला खर्च अखेर कोणाच्या अंगावर जाऊन पडतो, हे तपासले पाहिजे.

आपल्या भाषेत ‘मोड’ असा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. तांब्यापितळेचे भांडे खरेदी करताना घरातली वडीलधारी बाई दुकानदाराला किंमत विचारी, आणि त्याच दमात मोडीला काय येईल तेही विचारी. वस्तू विकत घेण्याच्या क्षणीच तिच्या अखेरीचा विचार करणारे हे अर्थशास्त्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ते स्वयंपाकघरात होते. भांड्याला ठरावीक काळाने कल्हई होई, जात्याला टाकी लावली जाई, फाटक्या लुगड्यांची वाकळ शिवली जाई, आणि जे कापड अजून बऱ्या स्थितीत असे ते बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्याच्या बदल्यात एखादे पातेले घरात येई. ज्या वस्तूला मोड आहे तिचा कचरा होत नाही. तिला शेवटपर्यंत कोणीतरी धनी असतो. प्लॅस्टिकच्या फुटक्या बादलीला जवळपास मोड नाही, आणि शांपूच्या एक-दोन रुपयांच्या पुडीला तर मुळीच नाही. ती पुडी फाडली, की त्याच क्षणी ती निर्धनी होते, आणि तिची पुढची व्यवस्था नगरपालिकेने, ओढ्याने किंवा गाईच्या पोटाने करावयाची असते.

कोल्हापूरकरांना हे फार समजावून सांगण्याची गरज नाही. शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवली आणि गुळाच्या उलाढालीने ती नावारूपाला आली. व्यापारापाठोपाठ येथे यंत्रे आली आणि यंत्रांपाठोपाठ ती दुरुस्त करणारे हात तयार झाले. शिवाजी उद्यमनगराच्या गल्ल्यांमधून लेथवर काम करणाऱ्या कारागिराची ख्याती अशी, की ज्या यंत्राचा सुटा भाग मिळत नाही तो नमुना पाहून घडवून द्यावा. शेतातल्या पंपाची मोटर जळली, की शेतकरी ती एस.टी.तून शहरात आणी आणि ‘बांधून’ घेऊन जाई. ऑइल इंजिनाचे सिलिंडर झिजले तर त्याला नवी लायनर बसे, आणि तेच इंजिन आणखी काही वर्षे विहिरीवर धडधडत राही. म्हादबा मेस्त्रींचे नाव या परंपरेत आजही आदराने घेतले जाते. याच गावात बाबूराव पेंटर यांनी चलच्चित्रणाचा कॅमेरा स्वतः घडवून घेतला, ही गोष्ट तर चित्रपटाच्या इतिहासात नोंदलेलीच आहे. असल्या गावात वस्तू सहज टाकून देणे हा कारागिरीचा अपमानच वाटला असता.

मात्र या आठवणींत फार रमणेही प्रशस्त नव्हे. जुन्या काळी दुरुस्ती स्वस्त होती, याचे एक कारण असे की दुरुस्त करणारा मनुष्य स्वस्त होता. कल्हईवाल्याच्या डोळ्यांत जाणारा नवसागराचा धूर, चर्मकाराचे कातडे कमावण्याच्या कुंडाशी गेलेले आयुष्य आणि टाकीवालीची उन्हातली पायपीट यांची किंमत आपल्या पूर्वजांनी पसाभर धान्यात आणि शिळ्या भाकरीत चुकती केली. जातीने ठरवून दिलेल्या कामाला मोबदला मागण्याची सोयच नव्हती. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द करण्याचे पाऊल उचलले, त्यामागे हेच जाणलेले होते की वतनाच्या गोंडस नावाखाली माणसाचे श्रम फुकटात राबवले जात आहेत. तेव्हा पूर्वी आपण वस्तू जपत होतो हे खरे असले, तरी माणूस जपत होतो असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. पितळेची जड घागर डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला प्लॅस्टिकच्या हलक्या घागरीने केवढा दिलासा दिला, हेही विसरून चालणार नाही. स्वस्त वस्तूंनी गरिबाच्या घरात पुष्कळ काही आणले आहे.

कोल्हापुरी चपलेचेच उदाहरण घ्यावे. झिजलेला तळ बदलून वर्षानुवर्षे वापरता येणारी ही वस्तू. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या विख्यात कंपनीने तशाच धाटणीच्या चपला मिलानच्या प्रदर्शनात मांडल्या आणि प्रारंभी कोल्हापूरचा नामोल्लेखही केला नाही, म्हणून येथे मोठा गहजब झाला. तो योग्यच होता. परंतु त्या सगळ्या चर्चेत चपलेच्या नावाची जेवढी काळजी वाहिली गेली, तेवढी चप्पल शिवणाऱ्याच्या रोजगाराची वाहिली गेली असे म्हणवत नाही.

असो. वस्तू टाकाऊ झाल्या त्या आपोआप नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. डिसेंबर १९२४ मध्ये जिनीव्हा येथे जगातल्या प्रमुख विद्युतदिवे उत्पादकांनी एकत्र येऊन फीबस नावाचा संघ स्थापन केला. त्यापूर्वी दीड-दोन हजार तास जळणारे दिवे बाजारात मिळत होते. या संघाने ठरवले की दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणावयाचे. ज्या कारखान्याचा दिवा अधिक काळ जळेल त्याला दंड! अधिक टिकाऊ माल केला म्हणून दंड भरावा लागण्याचा असा प्रसंग व्यापाराच्या इतिहासात विरळाच. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तो संघ मोडला, पण त्याची युक्ती मागे राहिली. आज भ्रमणध्वनीची बॅटरी अशा रीतीने चिकटवलेली असते, की ती काढताना पडदाच फुटावा. आणि सुटा भाग मागावा, तर विक्रेता नवा संच दाखवतो. बिचारा उद्यमनगरचा कारागीर अशा वस्तूपुढे हतबल होतो, कारण ती उघडण्यासाठी बनवलेलीच नसते.

आता या युक्तीविरुद्ध जगात कायदे होऊ लागले आहेत. फ्रान्सने २०१५ साली वस्तूचे आयुष्य मुद्दाम तोकडे करणे हा गुन्हा ठरवला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काविषयी निर्देश काढला. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये याच विषयावर समिती नेमली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, २०१२ पासून अमलात आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी आपल्या कायद्यात एक नवे तत्त्व आणले. पुढे प्लॅस्टिकच्या वेष्टनांनाही ते लागू झाले. हे तत्त्व उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे आहे. त्याचा अर्थ असा की, वस्तू विकली म्हणजे उत्पादक सुटला असे नाही; ती वापरून, मोडून, निकामी झाल्यावर तिचे काय होते याचाही हिशेब त्यानेच दिला पाहिजे. अंमलबजावणी कशी होते हा निराळा विषय; पण तत्त्व म्हणून ही फार मोठी प्रगती आहे. मेलेल्या भ्रमणध्वनीला कायद्याने धनी मिळाला!

हे तत्त्व वाचताना मनात सहजच असा विचार येतो की, निकामी झालेल्या यंत्राविषयी जे आपण मान्य केले ते निकामी झालेल्या माणसाविषयी अद्याप का मान्य केलेले नाही? ज्याने माणूस वापरला त्याची जबाबदारी माणूस झिजल्यावरही उरते, असे कोणत्या नियमात लिहिले आहे?

कोणी म्हणेल, भविष्यनिर्वाह निधी आहे, उपदान आहे, कामगार राज्य विमा आहे. आहेत, आणि त्या गेल्या शतकातील कामगार चळवळीने मिळवलेल्या मोलाच्या गोष्टी आहेत. वास्तविक या तिन्ही गोष्टी म्हणजे माणसाच्या घसाऱ्याची मालकाच्या वहीत केलेली नोंदच होय. परंतु ही नोंद ज्याला कायम नोकर म्हणतात त्याच्यापुरतीच खऱ्या अर्थाने होत आली. त्यामुळे नोंद टाळावयाची तर माणसाला कायम करावयाचे नाही, हा मार्ग सर्वांना सापडला.

मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही, कामगार पांगले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रे भंगारात निघाली, ती लोखंडाच्या भावाने का होईना, विकली गेली. जमिनीचे मोल तर अपरंपार वाढले. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक-तृतीयांश घरांसाठी देण्याची तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती आकसली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. यंत्राला मोड आली, जमिनीला सोन्याची मोड आली. पंचवीस वर्षे साच्यावर उभे राहून ज्याचे कान गेले त्या कामगाराला बाजारात काय मोड आली, हे गिरणगावातल्या घराघरात विचारावे. आपल्या कोल्हापुरातही १९०६ साली शाहू महाराजांनी पायाभरणी केलेली शाहू मिल २००३ साली बंद पडली. महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त मे २०२२ मध्ये तेथे कृतज्ञता पर्व साजरे झाले. हजारो लोक ती दगडी इमारत पाहून आले. इमारतीच्या जतनाविषयी गावात आस्था आहे, याचा आनंदच आहे. त्या इमारतीत जे सूत निघे, ते काढणाऱ्यांच्या अंगच्या कौशल्याचे मात्र पुढे काहीच झाले नाही. ते त्यांच्याबरोबर घरी गेले आणि घरीच संपले.

गिरण्या तोट्यात होत्या, असे म्हणून हा विषय मिटवता येईल. पण जेथे नफातोट्याचा प्रश्नच नाही, त्या शाळा-महाविद्यालयांत काय चालले आहे? शिक्षणसेवक ही योजना आपल्या राज्यात २००० सालापासून रुजली. शिक्षकाने पूर्ण वेळ काम करावयाचे, पण पहिली तीन वर्षे वेतन नाही, मानधन. हे मानधन प्राथमिक शाळेत ६ हजार, माध्यमिक शाळेत ८ हजार आणि उच्च माध्यमिक वर्गांना ९ हजार रुपयांवर वर्षानुवर्षे थबकलेले होते. २०२३ मध्ये ते अनुक्रमे १६, १८ आणि २० हजार झाले. ‘मानधन’ या शब्दाची गंमत अशी, की त्यात जेव्हा धन नसते तेव्हा मान असल्याचा भास होतो. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील प्राध्यापक आहेत. पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला, प्रसंगी विद्यावाचस्पती पदवी घेतलेला हा मनुष्य तासामागे पैसे घेतो. सुट्टीचे पैसे नाहीत, उन्हाळ्यात काही नाही, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावणे येईल की नाही याची शाश्वती नाही. आमच्याच शिक्षककक्षात एकाच टेबलाशी बसून, एकाच इयत्तेला, एकच पुस्तक शिकवणारे दोघे असतात. एकाचा घसारा शासनाच्या वहीत आहे, दुसऱ्याचा त्याच्या बापाच्या शेतीवर किंवा पत्नीच्या शिवणयंत्रावर. कायम असलेल्या आम्हा मंडळींना ही गोष्ट अवघड वाटते, म्हणून आम्ही तिच्याविषयी फारसे बोलत नाही.

लिपिकवर्गाची कथा निराळी नाही. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने एक निर्णय काढून नऊ खासगी संस्थांमार्फत शासकीय कार्यालयांना मनुष्यबळ पुरवण्याची व्यवस्था केली. त्या निर्णयात माणसांची वर्गवारी अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी होती. राज्यभर विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला. निर्णय मागे गेला. कंत्राटाची रीत कार्यालयाकार्यालयांतून चालूच आहे. या रीतीचे मर्म असे, की काम घेणारा आणि पगार देणारा हे दोघे निराळे करावयाचे. मग झिजलेल्या माणसाने कोणाकडे पाहावे हेच त्याला कळेनासे होते. कार्यालय म्हणते, तुम्ही आमचे नव्हेच. पुरवठादार म्हणतो, आमचे कंत्राट संपले.

काम घेणारा आणि पगार देणारा यांच्यातली ही फारकत जेथे पूर्णत्वाला गेली आहे ते क्षेत्र आपल्या दारातच आहे, आणि त्याच्यावर आपल्या जिल्ह्याची समृद्धी उभी आहे. ते क्षेत्र ऊसतोडणीचे.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या सहभागाने १९५० साली पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा ती एका मोठ्या स्वप्नाची सुरुवात होती. ऊस पिकवणारा शेतकरीच कारखान्याचा मालक होणार होता, आणि तो झालाही. पश्चिम महाराष्ट्रातील शाळा, महाविद्यालये, रस्ते, पाणीयोजना यांवर त्या स्वप्नाची खूण आहे. प्रस्तुत लेखकाचे स्वतःचे शिक्षणही त्याच पैशांतून झाले. पण सहकाराच्या या व्याख्येत ऊस पिकवणारा सभासद होता. ऊस तोडणारा कधीच नव्हता. उसाचा दर कायद्याने बांधला गेला. २००९ पासून रास्त आणि किफायतशीर दर आला, चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे, आणि ते पाळले जात नाही तेव्हा जयसिंगपूरच्या ऊस परिषदेपासून रस्त्यावरच्या चक्काजामापर्यंत शेतकरी आपला हक्क वाजवून मागतात. तोडणीचा दर मात्र साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातील करारावर ठरतो, आणि तो करार होण्यासाठी कोयता बंद ठेवण्याच्या इशाऱ्यावाचून दुसरे साधन नसते. जानेवारी २०२४ मध्ये त्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना अशा दुष्काळी टापूंतून लाखो माणसे कोल्हापूर-सांगलीकडे आणि पलीकडे कर्नाटकातही उतरतात. त्यांना आधीच उचल दिलेली असते. ही उचल कारखान्याच्या पैशांतून निघते, वाहतूकदार-मुकादमाच्या हातून जाते आणि कर्ज म्हणून कामगाराच्या माथ्यावर बसते. मालक कोण, असे विचारल्यास कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे.

या व्यवहारात मोजमापाचे जे एकक आहे ते विचार करण्याजोगे आहे. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’. एकटा माणूस आला तर ‘अर्धा कोयता’. माणसाची गणना त्याच्या हातातल्या हत्याराने करावयाची, आणि तीही जोडीने! उचल नवऱ्याच्या नावावर असते. बाई त्याच कोयत्याचा दुसरा अर्धा भाग असते. पहाटे उठून भाकरी करणे, मग दिवसभर तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून मोटारीत भरणे, रात्री पुन्हा चूल पेटवणे, हे सगळे त्या अर्ध्यात येते. वहीत तिचे नाव नसते. काम चुकले तर त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचा दंड त्या दिवसाच्या कमाईहून अधिक असू शकतो.

खाड्याच्या या भीतीचा परिणाम किती खोलवर गेला, हे २०१९ साली सर्वांना कळले. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले होते. म्हणजे साधारणतः सहा स्त्रियांमागे एक. अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. तळावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, पोट दुखते, पांढरे जाते. बाई जवळच्या खासगी दवाखान्यात जाते, तेथे तिला कर्करोगाची भीती घातली जाते, आणि ‘पिशवी’ काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. तीही मनाशी हिशेब करते की आता मुले झाली आहेत, दर महिन्याचा खाडा तरी टळेल. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घेतली जाते आणि ती फेडण्यासाठी पुन्हा कोयता हाती येतो. पुढे कंबरदुखी, अशक्तपणा, अकाली वार्धक्य.

या घटनेकडे केवळ डॉक्टरांच्या लोभाची कथा म्हणून पाहणे सोपे आहे, आणि तसेच पाहिले गेले. शासकीय शल्यचिकित्सकाच्या परवानगीवाचून शस्त्रक्रिया करू नये, असे बंधन बीडमध्ये घालण्यात आले. ते आवश्यकच होते. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे काय घडले ते स्पष्ट शब्दांत मांडले पाहिजे. एका उद्योगाच्या उत्पादनखर्चाचा एक भाग त्या स्त्रियांनी आपल्या शरीरातून चुकता केला. तो ना कारखान्याच्या ताळेबंदात दिसला, ना ऊसबिलात, ना साखरेच्या भावात. ज्या मोटारीतून ऊस आला तिचा घसारा लागला, ज्या गव्हाणीत तो पडला तिचाही लागला. मोळी डोक्यावरून चढवणारीचा लागला नाही, म्हणून साखर तेवढी स्वस्त पडली. ती साखर आपण सर्वांनी चहात घातली आहे. तेव्हा या हिशेबात आपणही धरले गेलो आहोत.

यावर यंत्राचा उपाय सुचवला जातो. ऊसतोडणी यंत्रे आता शिवारात दिसू लागली आहेत, शासन त्यांना अनुदानही देते. कष्टाचे काम यंत्राने करणे वाईट, असे कोणीही सुबुद्ध मनुष्य म्हणणार नाही. परंतु त्या यंत्राला पहिल्या वर्षापासून घसारा मिळेल, विमा मिळेल, कर्ज मिळेल. आणि ज्या जोडीची जागा ते घेईल तिला गावी परत जाण्याचे एस.टी.चे भाडेही कोणी देईल की नाही, ते सांगता येत नाही. गिरणगावात जे घडले ते शिवारात घडू द्यावयाचे नसेल, तर विचार यंत्र येण्याच्या आधी झाला पाहिजे.

यात अशक्य असे काही नाही. थोडे अंकगणित करून पाहावे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने जे महामंडळ स्थापन झाले, त्याच्यासाठी टनामागे १० रुपये कारखान्याने आणि तेवढेच शासनाने द्यावेत असे ठरले आहे. एक टन उसापासून, साखरेचा उतारा १० टक्के धरला तर, १०० किलो साखर निघते. म्हणजे कारखान्याचा वाटा एका किलोला १० पैसे, आणि शासनाचा धरून २० पैसे. कोल्हापूर विभागाचा उतारा याहून चांगला असल्याने येथे तो भार आणखी कमी पडतो. आता समजा, किलोमागे एक रुपया या कामी लावला. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला गेला. टनाला १०० रुपये या हिशेबाने वर्षाला एक हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम उभी राहते. तळावर पाणी, शौचालय, हंगामाच्या आधी आणि नंतर वैद्यकीय तपासणी, आजारपणाच्या दिवसांची भरपाई आणि कोयता हातातून सुटल्यावर मिळणारे छोटेसे निवृत्तिवेतन, यांचा विचार या रकमेत निश्चितच करता येईल. महिन्याला चार किलो साखर लागणाऱ्या घराला याचा भार पडेल चार रुपये. त्यातही मोठा वाटा घरगुती ग्राहकाचा नव्हे, मिठाई आणि शीतपेये करणाऱ्या कारखान्यांचा असेल, कारण साखर सर्वाधिक तेच घेतात.

पैशाची ही बाजू कठीण नाही. कठीण आहे ती नोंदीची. ज्याचा घसारा धरावयाचा ती वस्तू आधी मालमत्तेच्या नोंदवहीत असावी लागते. केव्हा आली, किती वर्षे चालली, हे माहीत असावे लागते. म्हणून ‘एक कोयता’ ही नोंद खोडून तिच्या जागी दोन नावे लिहावी लागतील, एक पुरुषाचे आणि एक स्त्रीचे, दोन्ही नावांपुढे दोन स्वतंत्र खाती, आणि त्या दोघांनी कोणत्या हंगामात कोणत्या कारखान्याला किती टन ऊस तोडला याचा आकडा. मोटारीचा क्रमांक आणि सभासदाचे नाव कारखान्याच्या संगणकात आज आहेच. आणखी दोन रकाने वाढवणे हे एका लिपिकाचे दोन दिवसांचे काम आहे. आगामी हंगामाच्या उचली मात्र पावसाळ्यातच वाटल्या जाऊ लागतात. तेव्हा हे रकाने छापावयाचे असतील तर ते त्यापूर्वी छापून झाले पाहिजेत.